दूध पाजताना वजन कमी करायचंय? आधी पोटभर जेवा!

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडी काटछाट केली आहे.)

कशा आहात? आणि हो, कसे आहात असंही विचारते, कारण मागच्या भागानंतर दोन-तीन बाबा लोकांचेही मेसेज आले. बरं वाटलं. आजचा भाग बाबांनीही ऐका, तुमचं कामही शेवटी सांगणार आहे.

विषय तुम्हीच दिलाय. गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, बाळ तीन महिन्यांचं आहे, अंगावर पितं. माझं वजन बारा किलो जास्त आहे. काय बंद करू?"

हा "काय बंद करू" ऐकलं ना, की मला माझाच आवाज ऐकू येतो. कारण बरोबर याच वेळी मीही हेच विचारत होते. आणि कुणाला विचारत होते? तर रात्री तीन वाजता, मांडीवर लेक, हातात मोबाईल, आणि मोबाईलवर रील्स!

आधीच सांगते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. मी एक चूक केली, तिचा फटका मला आणि माझ्या लेकीला बसला, आणि मग नीट माणसांकडून नीट माहिती घेतली. ती आज सांगणार आहे. तुमचा बीपी, शुगर, थायरॉइड, सिझर, काहीही असेल तर तुमच्या डॉक्टरांचं आधी ऐका, माझं नंतर.

ब्लाउज आणि काकू

माझं गरोदरपणाआधीचं वजन ५८ किलो. नववा संपताना ७२. म्हणजे १४ किलो वाढलं. मला वाटायचं बाळ बाहेर आलं की सगळं उतरणार. दवाखान्यातून घरी आल्यावर काट्यावर उभी राहिले, तर ६६! मी आईला म्हटलं, "अगं, बाळ तर तीन किलोचं होतं, मग उरलेलं काय आहे?"

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. त्या वाढलेल्या वजनात बाळ साधारण तीन किलो. मग वार, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त, अंगात साठलेलं पाणी. यातलं काही त्याच दिवशी जातं, काही पुढच्या दीड महिन्यात हळूहळू जातं. आणि उरते तीन-चार किंवा जास्त किलो चरबी. ती शरीराने मुद्दाम साठवलेली असते, पुढे दूध तयार करायला. तिला थोडा वेळ द्यायचा असतो.

मी दिला नाही.

बाळंतपण माहेरी, सांगलीला झालं. आईने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपातला शिरा, शेपूची भाजी, सगळं साग्रसंगीत केलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लाडू, वर "अजून एक घे, दूध येईल." अडीच महिन्यांची लेक घेऊन पुण्याला परत आले तेव्हा वजन ६७. बारशाला एक लांबच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "काय गं, आत अजून एक राहिलंय का?" सगळे हसले. मीही हसले. रात्री बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यात दोन महिन्यांवर दिराचं लग्न. पैठणी काढली, ब्लाउज घालून बघितलं, तर हुक आणि काजामध्ये चार बोटांचं अंतर. त्याच रात्री एक रील समोर आलं, '३० दिवसांत ८ किलो'. सेव्ह केलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू.

मी काय केलं

सकाळी लिंबू-मध-पाणी. नाश्ता नाही. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, काकडी. भात बंद, तूप बंद, लाडू बंद. संध्याकाळी सातच्या आत सूप, मग सकाळी अकरापर्यंत काहीच नाही. आणि मधल्या रात्रीत लेक तीनदा उठणार, तिला पाजायचं. म्हणजे सोळा तास उपाशी पोटी दूध तयार करायचं!

वजन उतरलं का? उतरलं की. चार आठवड्यांत साडेतीन किलो. ६७ चे साडेत्रेसष्ट. मी खूश. नवरा म्हणाला, "चेहरा उतरलाय तुझा." मी म्हटलं, "उतरायलाच हवा, तेच तर चाललंय."

दुसरीकडे काय होत होतं, ते मी बघत नव्हते. इतकी थकायचे की रात्री लेक कुरकुरली तर उठून पाजण्याऐवजी तिला थोपटायचे, झुलवायचे, परत झोपवायचे. दिवसाही "आत्ताच तर प्यायली" म्हणून पुढे ढकलायचे. ती रडायची कमी झाली, जास्त झोपायला लागली. मला वाटलं, वा, शहाणी झाली पोरगी.

मग एक दिवस पहाटे पाचला तिला खांद्यावर घेऊन ओट्याशी पाणी प्यायला गेले आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. काही कळायच्या आत मी ओट्याला पाठ लावून खाली बसले. बसले म्हणून वाचलो. उभी पडले असते तर ती माझ्या हातात होती. किती वेळ तशीच फरशीवर बसले होते माहीत नाही. आणि हे मी घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डाएट बंद करायला लावलं असतं ना!

कार्डावरची रेघ

त्यानंतर चार दिवसांनी साडेतीन महिन्यांची लस होती. लस टोचायच्या आधी वजन करतात. अडीच महिन्यांच्या लशीला ती ५ किलो १०० ग्रॅम होती. आता किती? ५ किलो ३००. चार आठवड्यांत फक्त दोनशे ग्रॅम.

बालरोगतज्ज्ञ मॅडमनी तिचं कार्ड उघडलं. त्यावर वाढीचा आलेख असतो, तुम्हीही बघितला असेल. जन्मापासून छान वर चढत आलेली रेघ आडवी झाली होती. त्या म्हणाल्या, "या वयात महिन्याला अर्ध्या किलोच्या वर वाढायला हवं." मी लगेच सुरू केलं, "मॅडम, ती पितच नाही जास्त, झोपतेच." त्यांनी मला थांबवलं. "तिचं राहू दे. तू काल दिवसभरात काय जेवलीस ते सांग."

मी सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला. चक्कर आल्याचंही सांगून टाकलं. नवरा शेजारीच होता, त्याला ते तिथे पहिल्यांदा कळलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला तीन गोष्टी समजावल्या, आणि त्याच आज मला तुमच्यापर्यंत पोहोचवायच्या आहेत.

पहिली. दूध हे मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल, स्तन जितके रिकामे होतील, तितकं पुढचं दूध तयार होतं. रात्री प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं महत्त्वाचं. मी नेमकं तेच टाळत होते, कारण अंगात त्राण नव्हतं. म्हणजे दूध थेट डाएटमुळेच कमी झालं असं नाही. डाएटमुळे मी गळाले, गळाले म्हणून कमी पाजलं, कमी पाजलं म्हणून दूध कमी झालं.

दुसरी. आई थोडंफार कमी जेवली तरी शरीर बाळाचं दूध सहसा तोडत नाही, आईकडूनच काढून घेतं. कॅल्शियम हाडांतून, लोह साठ्यातून. माझं हिमोग्लोबिन तपासलं तर ९.२ निघालं. चक्कर उगाच नव्हती. आपल्या सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतरही १८० दिवस लोह-फॉलिक अ‍ॅसिडची आणि कॅल्शियमची गोळी घ्यायला सांगतात. मी दीड महिन्यातच बंद केली होती, "आता बाळ बाहेर आलं, गोळ्या कशाला" म्हणून. तुम्ही केली असेल तर आजच डॉक्टरांना विचारा.

आणि तिसरी, जी ऐकून मी अक्षरशः गप्प झाले. त्या म्हणाल्या, "अगं, तुझं डाएट आधीच सुरू आहे."

डाएट आधीच सुरू आहे, म्हणजे काय?

नीट ऐका हं, हे गणित फार सोपं आहे.

फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं. एवढं दूध तयार करायला शरीराला ऊर्जा लागते. आपल्याकडच्या आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे, पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात आणि पुढचे सहा महिने ५२०. प्रथिनंही पहिल्या सहा महिन्यांत साधारण १७ ग्रॅम जास्त.

आता बघा. तुम्ही गरोदर राहण्याआधी जितकं जेवत होतात, तितकंच आज पोटभर जेवलात, तरी शरीराला रोज काहीशे कॅलरी कमी पडतातच. त्या कुठून येतात? त्या साठवलेल्या चरबीतून. म्हणजे वेगळं काही न तोडताही तूट आहेच. त्यावर मी आणखी हजारभर कॅलरी कापल्या. मग शरीराने तरी काय करावं?

"मग ताई, सगळ्यांचं वजन आपोआप का उतरत नाही?" बरोबर प्रश्न. कारण पाजताना भूकही सडकून लागते. झोप नाही, हालचाल नाही, आणि दिवसातून पाचदा चहा-खारी, टोस्ट, वरून लाडू. ते ६०० कधी भरून निघतात आणि वर जातात, कळत नाही. त्यामुळे 'दूध पाजलं की आपोआप बारीक होतात' हेही अर्धवटच खरं आहे. कुणाचं उतरतं, कुणाचं अडतं.

आणि पाजताना वजन कमी करूच नये असंही नाही. अमेरिकेत २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वजन जास्त असलेल्या ४० पाजणाऱ्या आया. त्यांतल्या काहींनी बाळ महिन्याचं झाल्यापासून दहा आठवडे रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या आणि व्यायाम केला. आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरलं, आणि त्यांच्या बाळांची वाढ बाकीच्या बाळांसारखीच झाली. म्हणजे हळू उतरवलं तर चालतं. मी महिन्यात साडेतीन किलो उतरवलं, तेही लोह कमी असताना, उपाशी राहून.

मग मी काय बदललं

पहिले दोन आठवडे वजनकाटा पलंगाखाली. फक्त जेवायचं आणि पाजायचं. दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा. दोन आठवड्यांनी लेकीचं वजन केलं, साडेतीनशे ग्रॅम वाढलं होतं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. या वेळी बाथरूममध्ये लपून नाही.

हिमोग्लोबिन सुधारायला लागलं, लेक पाच महिन्यांची झाली, मग आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितलं, दिवसाला १८०० कॅलरींच्या खाली जायचं नाही. महिन्याला एक किलो उतरलं तरी पुष्कळ. आणि मला बंद करायच्या गोष्टींची यादीच दिली नाही! उलट काय खायचं ते दिलं.

सकाळी नाश्ता हवाच. मुगाचे डोसे, शेंगदाणे घातलेला उपमा, नाहीतर अंडी-पोळी. दुपारी दोन पोळ्या किंवा भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी, दही आणि हो, थोडा भातही. चारला एक लाडू, नाहीतर मूठभर फुटाणे-शेंगदाणे. रात्री दुपारसारखंच, जरा कमी. आणि रात्री पाजायला उठलं की भूक लागते ना? त्यासाठी उशाशी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. त्यामुळे पहाटे फ्रिज उघडून श्रीखंडाचा डबा काढणं बंद झालं. हसू नका, तुम्हीही काढता!

कमी काय झालं? पाच कप चहाचे दोन झाले, तेही जेवणाला लागून नाही, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. खारी-टोस्ट गेले. आईच्या लाडवांना मी वाईट म्हणणार नाही. अळीव, डिंक, तीळ, सुकामेवा, चांगल्याच गोष्टी आहेत. पण एक मध्यम लाडू दीडशे-दोनशे कॅलरींच्या घरात जातो. एक खा, मनापासून खा. चार नकोत.

पाण्याचं एक. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून. पाण्याने पोट सुटत नाही. तहान लागेल तेवढं प्या, पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवा.

व्यायाम आणि तो पट्टा

माझ्याकडेही पोटाचा पट्टा होता. आधार वाटतो, खरंय. पण पट्ट्याने चरबी वितळत नाही. मी फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्यांनी पोट तपासून सांगितलं की मधल्या स्नायूंत तीन बोटांची फट आहे. गरोदरपणात हे स्नायू बाजूला होतात, पुष्कळ जणींचे होतात. अशात सिट-अप मारायला लागलात तर पोट आणखी पुढे येऊ शकतं. मला आधी श्वासाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. खोकताना, शिंकताना लघवीचा थेंब यायचा, तोही त्यानेच थांबला. याबद्दल लाजू नका, सांगा.

मग चालणं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, सोसायटीच्या आतच. दोन महिन्यांत अर्धा तास. सिझर झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आणि व्यायामाने दूध आंबतं, खराब होतं, असं काही नाही. फक्त आधी पाजून जा, छाती हलकी असली की चालायला बरं पडतं.

एक विनंती. वजन उतरवणाऱ्या गोळ्या, इंजेक्शनं, 'डिटॉक्स' चहा, पावडरी, पाजत असताना यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. जाहिरातीत 'नैसर्गिक' लिहिलं असलं तरी नाही.

कधी थांबून डॉक्टरांकडे जायचं

बाळाला दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी होतेय, ते खूप सुस्त आहे, वजनाची रेघ आडवी झालीय, तर वाट बघू नका. तुम्हाला चक्कर येते, धडधडतं, सगळं नीट करूनही वजन अजिबात हलत नाही किंवा विनाकारण भराभर उतरतंय, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं.

आणि मन. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटतंय, आरशात बघवत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, तर ते 'नखरे' नाहीत. घरात बोला, डॉक्टरांशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावंसं वाटलं, तर एक क्षणही एकट्या राहू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता बाबा लोक

तुमचं काम सोपं आहे. माझा नवरा त्या दिवसानंतर रोज सकाळी सहा ते साडेसहा लेकीला घ्यायचा. मी चालून यायचे. आणि तो रोज एकच प्रश्न विचारायचा, "जेवलीस का?" वजन किती झालं हे त्याने आजवर विचारलेलं नाही. माझ्या चौदा महिन्यांच्या प्रवासात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

हो, लेक आता चौदा महिन्यांची आहे. माझं वजन ६० किलो. ५८ नाही झालं. होईल, नाही होईल. अजून रात्री एकदा पिते ती, मीही अजून उशाशी केळं ठेवते.

आणि दिराचं लग्न? साडेचार महिन्यांची लेक कडेवर घेऊन, पैठणी नेसूनच गेले. आमच्या शिंपीकाकांना ब्लाउज दिलं तर ते म्हणाले, "काळजी कशाला करताय, आत माया ठेवलीय की." दोन्ही बाजूंची शिवण उसवली, माया सोडली, हुक लागले. अर्ध्या तासाचं काम होतं. आणि मी त्यासाठी चार आठवडे उपाशी राहिले होते.

तर आज रात्री ही रेकॉर्डिंग ऐकत ऐकत कुणी पाजत असेल, तर एवढंच कर. उद्या सकाळी नाश्ता कर. बाळाचं कार्ड काढून ती रेघ बघ. ती वर जातेय ना? मग तू छान करते आहेस.

तुमचा अनुभव मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन, नाव न घेता. चला, भेटूया. काळजी घ्या, आणि जेवून घ्या!